पीप आणि टनेल साइट घरी बसवल्यावर छर्रे 40 मिमी डावीकडे: साइट की नळी?

बॅरल_177

नमस्कार मंडळी. रायफल 4.5 मिमी, स्प्रिंगची, नळी मोडून छर्रा भरायची. घरी तीन कामं केली आहेत.

नळीच्या ठोकळ्यावरची मूळची ओपन साइट काढून रिसीव्हरच्या (स्प्रिंग असलेल्या मागच्या भागाच्या) 11 मिमी डव्हटेलवर (साइट बसवायच्या खाचेवर) पीप, म्हणजे बारीक भोकाची मागची साइट, बसवला. प्लास्टिकची पुढची साइट काढून त्या जागी एम-18 मापाचा टनेल, म्हणजे आत नेमाची रिंग असलेली नळकांडी साइट, बसवला, दोन स्क्रूच्या क्लॅम्पने, नळीवर आवळून. आणि ब्रीचचा (नळीच्या मागच्या तोंडाचा) सील चिरला होता म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून ओ-रिंग आणून घातली.

10 मीटरवर टेबलवरून 10 छर्रे मारले. पीप मध्यावर असताना ग्रुपचा (सगळ्या छर्ऱ्यांच्या भोकांचा) मध्य 40 मिमी डावीकडे पडतो. पीप उजवीकडे शेवटपर्यंत, म्हणजे दीड मिमी, नेला तरी 17 मिमी डावीकडे राहतोच. ग्रुप आडवा 7 मिमी, पण उभा 18 मिमी, आणि शेवटचे तीन-चार छर्रे खाली उतरत जातात. पिव्होटपासून (नळीच्या बिजागरीपासून) टनेल 450 मिमी पुढे, पीप 200 मिमी मागे. टनेलचा मध्य नळीच्या मध्यापासून 40 मिमी वर. छर्रे एकाच डब्यातले, चपट्या तोंडाचे, 0.53 ग्रॅमचे. नळी वाकली असेल का?

दहा_मीटर

पीपला आता हात लावू नका. त्याला परत मध्यावर आणा आणि तिथेच ठेवा. साइट शेवटच्या टोकाला नेऊन शोध घेतला तर खरा दोष दिसेनासा होतो.

तुमच्या आकड्यांत दोन वेगळी दुखणी आहेत आणि ती एकत्र धरू नका. ग्रुपचा मध्य सरकणं हे एक. ग्रुप पसरणं हे दुसरं. आडवा 7 मिमी म्हणजे नळी, छर्रे आणि तुमचा हात डाव्या-उजव्या दिशेला व्यवस्थित आहेत. उभा 18 म्हणजे वर-खाली काहीतरी दर छर्ऱ्याला बदलतंय. साइट नुसती चुकीच्या जागी बसली असेल तर ग्रुप सरकतो, पसरत नाही.

टेबलवरून मारताना रायफल कशावर टेकवली होती? स्प्रिंगची रायफल लाकडाच्या ठोकळ्यावर किंवा घट्ट भरलेल्या पिशवीवर ठेवली तर उडी मारते. ती आधी मागे येते, मग पिस्टन पुढे आदळताना पुढे झेपावते, आणि छर्रा अजून नळीतच असतो. उघड्या तळहातावर, ट्रिगरगार्डच्या जरा पुढे, नेहमी त्याच खुणेवर टेकवा. हात खाली पिशवीवर ठेवला तर चालेल. मागे खांद्याला ओढून घट्ट धरू नका.

20 छर्रे नुसते मारून नळी स्थिर होऊ द्या. मग पाच-पाचचे चार ग्रुप, चार वेगळ्या टार्गेटवर, आणि तोच प्रयोग 5 मीटरवर.

मोजमाप

दहा_मीटर ताईंचं बरोबर आहे. त्यात आकड्यांची भर घालतो.

पुढच्या-मागच्या साइटमधलं अंतर 650 मिमी. 10 मीटर म्हणजे 10,000 मिमी. 10,000 भागिले 650 म्हणजे 15.4. म्हणजे कुठलीही साइट 1 मिमी सरकली की टार्गेटवर 15.4 मिमी फरक पडतो. तुमचा पीप दीड मिमी सरकला, 1.5 गुणिले 15.4 म्हणजे 23. आणि 40 चे 17 झाले, म्हणजे फरक बरोबर 23. पीपचा स्क्रू, त्याचा सरकता भाग, सगळं ठीक काम करतंय. त्याच्यावरचा संशय काढून टाका.

आता उरलेल्या 40 मिमीचा उलटा हिशेब. 40 भागिले 15.4, म्हणजे 2.6 मिमी. कुठेतरी साइटची रेष नळीच्या रेषेपासून 2.6 मिमी हुकली आहे. मागची साइट छर्रा जिकडे न्यायचा तिकडे सरकवतात, पुढची त्याच्या उलट. छर्रा डावीकडे जातोय म्हणजे टनेल उजवीकडे गेलाय.

आणि 40 मिमी उंचीचा टनेल 2.6 मिमी बाजूला जायला किती कलावा लागतो? पावणेचार अंश. एवढा कल क्लॅम्प डोळ्याने सरळ बघून आवळला की सहज राहतो. माझा पहिला संशय त्याच्यावर, नळीवर नाही.

5 मीटरवरचा प्रयोग का, तेही सांगतो. साइटची रेष नळीला समांतर पण बाजूला असेल, समजा संपूर्ण डव्हटेलच 3 मिमी बाजूला, तर 5 मीटरवरही 3 मिमी आणि 10 मीटरवरही 3 मिमी. कोनाची चूक असेल तर अंतर अर्धं केलं की चूकही अर्धी होते. 5 मीटरवर 20 मिमीच्या आसपास डावीकडे आले तर कोनाची चूक पक्की. हे फक्त डाव्या-उजव्या दिशेला तपासा. वर-खाली गुरुत्वाकर्षण मध्ये येतं. सेकंदाला 175 मीटर वेगाचा छर्रा 10 मीटरवर 16 मिमी खाली पडतो, 5 मीटरवर फक्त 4 मिमी, त्यामुळे उभ्या आकड्यांवरून कोन काढता येत नाही.

लेथवाला

टनेल सरळ आहे का हे बघायला ओळंबा लागतो. गवंडी वापरतो तोच. रायफल रिकामी, नळीत छर्रा नाही, स्प्रिंग मोकळी, हे दोनदा बघा, कारण आता तोंडाकडून बघायचं आहे.

रायफल व्हाइसमध्ये जाड कापडात धरा, स्टॉकला धरा, नळीला नाही. डव्हटेलच्या दोन कडांवर आडवी पट्टी ठेवून तिच्यावर छोटी लेव्हल ठेवा आणि बुडबुडा मध्यावर आणा. पीप डव्हटेलवर बसतो म्हणून सरळपणा तिथूनच मोजायचा. स्टॉकवरून किंवा ट्रिगरगार्डवरून मोजला तर फसाल.

आता नळीच्या तोंडासमोर हातभर अंतरावर ओळंब्याची बारीक दोरी सोडा. तोंडाकडून बघताना दोरी नळीच्या भोकाच्या बरोबर मध्यातून जाईल अशी डोक्याची जागा धरा. तशीच नजर वर न्या. दोरी टनेलच्या मध्यातून गेली पाहिजे. टनेलमध्ये रिंगऐवजी उभा पोस्ट घातला तर आणखी सोपं, दोरी आणि पोस्ट एका रेषेत यायला हवेत. 2.6 मिमी म्हणजे काडेपेटीच्या काडीच्या जाडीपेक्षा जास्त. डोळ्याला दिसेल.

क्लॅम्प ढिला करून टनेल फिरवा आणि स्क्रू आळीपाळीने, पाव-पाव वळसा देत आवळा. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर क्लॅम्प स्वतःच फिरतो, आणि बहुतेक तुमच्याकडे तेच झालं असणार. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. नळीला टेपर असेल, म्हणजे तोंडाकडे निमुळती, तर क्लॅम्प एकाच कडेवर धरतो आणि धक्क्यांनी हळूहळू पुढे घसरतो. अशा वेळी शीतपेयाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याची पट्टी कापून मोकळ्या बाजूला घाला. तिची जाडी साधारण 0.1 मिमी भरते. नळी आणि क्लॅम्प दोन्ही आधी स्पिरिटने पुसा, तेलकट नळीवर क्लॅम्प टिकत नाही. झाल्यावर नळी आणि क्लॅम्पवरून एकच बारीक रेघ नेलपॉलिशने ओढा. रेघ तुटलेली दिसली की क्लॅम्प सरकला.

बॅरल_177

दादा, ओळंबा लावला. दोरी टनेलच्या मध्यापासून अडीच मिमीच्या आसपास बाजूला. 5 मीटरवर ग्रुप 21 मिमी डावीकडे. टनेल फिरवून पुन्हा आवळला, आता पीप मध्यावर असताना 10 मीटरवर 3 मिमी डावीकडे. ते पीपने निघालं.

पण उभा ग्रुप अजून 17-18 मिमी. हातावर टेकवून मारलं तरी तेवढाच. स्टॉकचे स्क्रू आवळले, पुढचे दोन आणि ट्रिगरगार्डचा एक. तरी फरक नाही.

लेथवाला

मग ओ-रिंगकडे या. मूळ सील काढला त्या खाचेची खोली व्हर्नियरच्या खोली मोजायच्या दांड्याने मोजा, आणि घातलेल्या ओ-रिंगची जाडीही मोजा. सील नळीच्या मागच्या चेहऱ्याच्या 0.15 ते 0.25 मिमी बाहेर असला की पुरे. त्याहून जास्त असेल तर नळी बंद झाल्यासारखी वाटते, लॅचचा (नळी बंद धरणाऱ्या खटक्याचा) आवाजही येतो, पण धातूला धातू टेकत नाही. ओ-रिंग रबर आहे, दर वेळी वेगळी दबते.

बॅरल_177

खाच 2.2 मिमी खोल. ओ-रिंग 2.62 मिमी.

लेथवाला

म्हणजे 0.42 मिमी बाहेर. दुप्पट. 2.4 मिमी जाडीची ओ-रिंग आणा, नायट्राइल, 70 शोर कडकपणाची. मग 0.2 मिमी बाहेर राहील. दोन्ही जाड्या बाजारात सर्रास मिळतात आणि हातात घेतल्यावर सारख्याच दिसतात, म्हणून दुकानात व्हर्नियर घेऊनच जा. सिलिकॉनची घेऊ नका, मऊ असते, ब्रीचच्या कडेवर लवकर फाटते. खाचेत ओढून-ताणून बसवायची नाही, आतला व्यासही जुळला पाहिजे. ताणलेली ओ-रिंग बारीक होते आणि मोजमाप पुन्हा चुकतं.

मोजमाप

इथे मला या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे, कारण पीप बसवणारे बरेच जण नेमके इथे अडकतात आणि दोष पीपला देतात.

मूळ ओपन साइटमध्ये पुढची आणि मागची, दोन्ही साइट नळीवरच होत्या. नळी बंद होताना थोडी कमी-जास्त बसली तरी दोन्ही साइट तिच्याबरोबरच हलायच्या. नळी जिकडे बघते तिकडेच साइट बघतात. बिजागरीचा दोष टार्गेटवर दिसतच नव्हता.

तुम्ही मागची साइट उचलून रिसीव्हरवर नेली. आता पुढची साइट नळीवर, मागची रिसीव्हरवर आणि मध्ये बिजागरी. बिजागरीत जे काही ढिलं आहे ते आता टार्गेटवर उमटणार. ढिलेपणा आधीही होता, फक्त झाकलेला होता.

आकडे घ्या. ब्रीचचा चेहरा पिव्होटपासून साधारण 20 मिमी वर असतो. तिथे नळी 0.05 मिमी उघडी राहिली, म्हणजे केसाच्या जाडीएवढी, तर नळीचा कोन 0.05 भागिले 20, म्हणजे 0.0025 ने खाली झुकतो. 10 मीटरवर तो 25 मिमी होतो. दुर्बीण रिसीव्हरवर असेल तर छर्रा पूर्ण 25 मिमी खाली. दोन्ही साइट नळीवर असतील तर फरक शून्य. तुमच्याकडे पुढची साइट नळीबरोबर खाली जाते आणि मागची जागेवर राहते, त्यामुळे चूक 200 भागिले 650 एवढ्या हिश्श्याने उरते. 25 चे सुमारे 8 मिमी. खालीच.

म्हणजे दर छर्ऱ्याला ओ-रिंग 0.1 मिमी कमी-जास्त दबली तर तुमच्या पीपवर 15 मिमीचा उभा पसारा तयार होतो. तुमचा 18 आहे. हिशेब जवळपास जमला. शेवटचे छर्रे खाली का उतरतात तेही यातच आहे: जाड ओ-रिंग लॅचला सारखी मागे ढकलते, लॅच पूर्ण बसत नाही, नळी थोडी थोडी उघडी राहते.

पंचगंगा

मोजमाप साहेबांनी लिहिलंय तेच मॅच रायफलींमध्ये बघा. रुद्रांक्ष पाटीलने 2022 साली कैरोत 10 मीटर एअर रायफलचं जागतिक सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारातल्या रायफलींची नळी मोडत नाही. नळी रिसीव्हरमध्ये पक्की, छर्रा वरून किंवा बाजूने भरायचा. त्या टार्गेटवर 10 चा ठिपका अर्ध्या मिमीचा आणि पुढचं प्रत्येक वलय अडीच मिमी रुंद. तिथे बिजागरीचे 8 मिमी परवडत नाहीत.

एक गोष्ट सर्वांसाठी. ओ-रिंग बदलणं, साइट बदलणं इथपर्यंत ठीक. वेग वाढवायला जाड स्प्रिंग घालण्याच्या भानगडीत पडू नका. आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे विनापरवाना एअर रायफलला 4.5 मिमी बोअर आणि 20 ज्यूलची मर्यादा आहे. 0.53 ग्रॅमचा छर्रा 175 मीटर वेगाने जातो तेव्हा 8 ज्यूल होतात, 10 मीटरच्या सरावाला ते पुरेसे आहेत. शिवाय जास्त ताकदीचा धक्का बिजागरी आणि लॅच दोन्ही लवकर ढिले करतो, मग नेमाचं काय ते वर वाचलंतच.

लेथवाला

पिव्होट बोल्टही बघा, नाहीतर ओ-रिंग बदलून अर्धंच काम होईल. नळी बंद करून टोक हाताने डावीकडे-उजवीकडे हलवा. टक-टक जाणवली तर बोल्ट ढिला. त्याचा लॉक स्क्रू काढा, बोल्ट थोडा आवळा, परत लॉक स्क्रू. किती आवळायचा? स्प्रिंग चढवलेली असताना नळी जिथे सोडाल तिथे थांबली पाहिजे, स्वतःच्या वजनाने खाली पडता कामा नये, आणि हलवायला जोरही लागता कामा नये. ही तपासणी करताना एक हात नळीवर घट्ट, बोट ट्रिगरपासून लांब. नळी उघडी असताना ट्रिगर दबला तर ती कोयत्यासारखी वर येते, बोटं जातात.

बोल्ट आवळूनही ढिलेपणा राहिला तर दोन्ही बाजूंच्या वॉशर झिजल्या आहेत. 0.1 मिमीच्या शिम (पातळ चकत्या) घाला, दोन्ही बाजूंना सारख्या. एकाच बाजूला घातली तर नळी बाजूला सरकते आणि लॅच तिरका बसतो.

लॅचच्या वरच्या धारेवर चकाकी आलेली पट्टी दिसते का बघा. पट्टी पूर्ण रुंदीवर असेल तर लॅच नीट बसतोय. एकाच कोपऱ्यात असेल तर वॉशरकडे परत या.

कडेपठार

धागा वाचतोय. माझी रायफल त्याच जातीची, पण दुर्बीण बसवली आहे. दुर्बिणीचे क्लिक (नेम सरकवायच्या बटणाचे टप्पे) मध्यावर आणि 10 मीटरवर छर्रे 60 मिमी खाली. नळी झुकली म्हणायची का? दुर्बिणीच्या मागच्या रिंगखाली पत्रा घालावा का?

दुर्बीणघर

थांबा, पत्रा घालू नका. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून किती उंच आहे? साधारण 45 मिमी असणार. दुर्बीण नळीला अगदी समांतर असेल तर छर्रा उंचीमुळेच 45 मिमी खाली जाणार आणि पडण्यामुळे आणखी 16. एकूण 61. तुमचे 60. नळी अजिबात झुकलेली नाही, रायफल उत्तम आहे.

पाव मिनिटाच्या (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग) क्लिकने 10 मीटरवर 0.73 मिमी सरकतं. 60 भागिले 0.73, म्हणजे 82 क्लिक वर. बहुतेक दुर्बिणींत तेवढी जागा असते. शून्य केल्यावर 10 क्लिक मुद्दाम वर आणि 10 खाली करून बघा, छर्रा परत त्याच जागी आला पाहिजे.

खरा झुकाव तेव्हा म्हणायचा जेव्हा 61 च्या वर बरंच काही राहतं. समजा 100 मिमी खाली. तेव्हा 40 मिमी झुकावाचे. रिंगांमधलं अंतर 100 मिमी असेल तर मागच्या रिंगखाली 0.1 मिमीची पट्टी 10 मीटरवर 10 मिमी वर आणते. 40 साठी 0.4 मिमी लागेल, आणि एवढी पट्टी रिंगमध्ये घातली तर दुर्बिणीची नळी वाकते, आतली भिंगं तिरकी होतात. 0.1 पर्यंत पट्टी, त्यापुढे झुकाव भरून काढणारा माउंटच घ्या. क्लिक शेवटच्या टोकाला नेऊन काम भागवलं तर आतली स्प्रिंग सैल पडते आणि शून्य भटकतं, ते तर नकोच.

दुसरं, दुर्बिणीचा पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेम हलल्यासारखा दिसणं) किती अंतराला जुळवलाय? नेहमीच्या रायफलच्या दुर्बिणी 100 यार्डांना, म्हणजे 91 मीटरला, जुळवलेल्या असतात. 40 मिमी भिंग असेल तर 10 मीटरवर डोळा मध्यापासून कडेला गेला की नेम जास्तीत जास्त 18 मिमी हुकतो. पुढचं किंवा बाजूचं फोकस 10 मीटरपर्यंत येणारी, स्प्रिंगच्या रायफलसाठी बनवलेली दुर्बीण लागते. साध्या दुर्बिणी मागच्या धक्क्यासाठी बांधलेल्या असतात. स्प्रिंगचा पुढचा झटका त्यांच्या आतली तार ढिली करतो.

रिंगांचे वरचे स्क्रू 2 न्यूटन-मीटरच्या आसपास, तिरपे-तिरपे आवळायचे. माउंट डव्हटेलवरून मागे घसरू नये म्हणून अडकवायची पिन रिसीव्हरच्या भोकात बसलीय का बघा. पिन नुसती टेकली असेल आणि बसली नसेल तर 50 छर्ऱ्यांत माउंट घसरतो. आणि डव्हटेलला पिकाटिनीचे (आडव्या खाचांच्या रुंद पट्टीसाठीचे) माउंट लावू नका, खाच जुळत नाही, फक्त आवळल्यासारखं वाटतं.

चिंचोळी

नळी उघडी असताना ट्रिगर दबला, नळी आपटून बंद झाली. कोणाला लागलं नाही. तेव्हापासून छर्रे 70 मिमी वर. ओपन साइट आहे, दोन्ही नळीवर. मागची साइट पूर्ण खाली नेली.

लेथवाला

नळी वर वाकली आहे. अशा अपघातात नेहमी वरच वाकते आणि बहुतेक ठोकळ्यालगत वाकते. साइट खाली करून चालवू नका. नळी आपटते तेव्हा लॅच, पिव्होट आणि स्टॉकचा पुढचा भागही धक्का खातो, स्टॉकला भेग आहे का बघा.

तपासायचं असं: नळी उघडा, रिकामी असल्याची खात्री करा, ब्रीचकडून आत बघा, दुसऱ्या टोकाला उजेडात पांढरा कागद धरा. सरळ नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक, समकेंद्री दिसतात. वाकलेल्या नळीत ती एका बाजूला सरकतात, जिथून सरकायला लागतात तिथे वाक. पक्कं मोजमाप हवं असेल तर नळी काढून दोन व्ही-ब्लॉकवर ठेवा, मध्ये डायल गेज लावा आणि फिरवा.

सरळ करण्याचं काम घरी करू नका असंच सांगेन. गेज लावून, दर दाबानंतर मोजून, थोडं थोडं करायचं काम आहे. दरवाजाच्या फटीत घालून ओढलं तर दोन ठिकाणी वाकते, मग ती कुणालाच सरळ करता येत नाही.

बॅरल_177

2.4 ची ओ-रिंग आणली. पिव्होट बोल्ट जवळजवळ एक अष्टमांश वळसा आवळला, टक-टक गेली. ब्रीचवर टिश्यूचा तुकडा ठेवून एक छर्रा मारला, टिश्यू हलला नाही, म्हणजे हवा गळत नाही. पाचचे चार ग्रुप: उभे 8, 7, 9, 8 मिमी. आडवे 6 ते 7.

एक उरलं. टनेलमध्ये रिंग कोणत्या मापाची घालावी? आत्ता 3.2 ची आहे, त्यात काळं वर्तुळ दाटून बसतं आणि ग्रुप बऱ्याचदा एका कडेला झुकतो.

दहा_मीटर

3.2 ची बारीक आहे. 10 मीटरच्या टार्गेटवरचं काळं 30.5 मिमीचं. डोळ्यापासून टनेल साधारण 80 सेंटीमीटरवर असेल तर ते टनेलच्या जागी 2.4 मिमीचं दिसतं. 3.2 च्या रिंगमध्ये दोन्ही बाजूंना फक्त 0.4 मिमी पांढरं राहतं. एवढ्या बारीक पांढऱ्या कडेत डोळा दमतो आणि काळं एका कडेला चिकटलेलं कळत नाही. तुमचा ग्रुप एका कडेला झुकतो तो त्यामुळेच. 3.8 पासून सुरुवात करा, हलत जास्त असाल तर 4.2. पांढरी कड चहूबाजूंनी सारखी दिसली पाहिजे, काळं वर्तुळ स्थिर असण्यापेक्षा तेच महत्त्वाचं.

पीपचं भोक 1.1 मिमीच्या आसपास ठेवा. अंधाऱ्या खोलीत थोडं मोठं करावं लागेल, पण मोठं केलं की पुढची रिंग धूसर होते, म्हणून आधी खोलीत उजेड वाढवा. आणि पीपची उंची: तुमच्या रायफलवर पीपचं भोक नळीच्या मध्यापासून टनेलच्या मध्यापेक्षा साधारण साडेतीन मिमी जास्त उंच यायला हवं. टनेल 40, तर पीप 43 ते 44. याच्यापेक्षा फार वेगळं निघालं तर पीपचा पाया डव्हटेलवर नीट बसलेला नाही.

रायफल कलवायची सवय असेल तर तीही आत्ताच मोडा. 5 अंश कलली की छर्रा कलल्या बाजूला 1.4 मिमी जातो, म्हणजे अर्ध्या वलयापेक्षा जास्त. टनेलमध्ये लेव्हलचा बुडबुडा असलेली रिंग मिळते. सरावाच्या पहिल्या महिन्यात ती घाला.

लेथवाला

आणि क्लॅम्पवरची नेलपॉलिशची रेघ दर 200 छर्ऱ्यांनी भिंगातून बघा. पहिल्या 200 मध्ये हमखास थोडी सरकते, कारण पट्टी दबते. तेव्हा स्क्रू परत पाव वळसा आवळून ओळंबा लावा आणि नवी रेघ ओढा.